‘डेथ ऑफ ए सेल्समन’ : काही उक्तींचा विचार

आर्थर मिलर (१९१५–२००५) ह्यांचे ‘डेथ ऑफ ए सेल्समन’ हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. दिग्दर्शन एलिया कझान ह्यांचे होते, नेपथ्य जो मील्झिनर ह्यांचे, आणि विली लोमनची भूमिका ली जे. कॉब ह्यांनी केली. ह्या पहिल्या निर्मितीचेच ७४२ प्रयोग झाले व १९४९ चे पुलित्झर पारितोषिक नाटकास लाभले. तेव्हापासून ह्या नाटकातील काही वाक्ये मूळ प्रसंगांपासून सुटी होऊन स्वतंत्रपणे वावरू लागली आहेत. लिंडाचे माणसाकडे लक्ष देण्याविषयीचे वाक्य, विलीचे संत्र्याच्या सालीचे वाक्य, मुलाने बापाच्या स्वप्नांवर दिलेला निवाडा, चार्लीने कबरीपाशी काढलेले उद्गार : ही वाक्ये व्याख्यानांत, परीक्षापत्रिकांत आणि समीक्षालेखांत पुनःपुन्हा उद्धृत होतात व दर वेळी ती जणू नाटककाराचा अभिप्राय असल्याप्रमाणे वापरली जातात.

ही प्रथा नाटकाच्या अर्थाला बाधक आहे. नाटकातील उक्ती म्हणजे सुभाषित नव्हे. ती कोणीतरी कोणाला तरी उद्देशून, काही साधण्यासाठी वा काही टाळण्यासाठी उच्चारलेली असते, आणि तिचे मूल्य तिच्या मागच्या व पुढच्या कृतीवरून ठरते. मिलरने ह्या नाटकाला जे उपशीर्षक दिले त्यात दोन अंक व एक मृत्युशांतिप्रार्थना ह्यांतील काही खाजगी संभाषणे असे त्याचे वर्णन केले आहे. ‘संभाषणे’ हा शब्द येथे निर्णायक मानावयास हवा. ज्या वाक्यांना सिद्धान्ताचे रूप देण्यात येते ती सर्व संभाषणातील वाक्ये आहेत आणि बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्याने ती ऐकलेली नाहीत.

प्रस्तुत विवेचनात अशा काही उक्ती आशयरूपाने घेऊन त्यांचा वक्ता, श्रोता आणि व्याकरण ह्या तीन अंगांनी विचार करावयाचा आहे. त्यातून पुढे येणारा मुद्दा थोडक्यात असा : ह्या नाटकातील प्रत्येक महत्त्वाची उक्ती माणसाचे मोल कसे ठरवावयाचे ह्या एकाच प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, ही सर्व उत्तरे, करुणेने दिलेलीसुद्धा, देण्याघेण्याच्या भाषेतून आलेली आहेत, आणि विलीची शोकात्मिका त्या भाषेबाहेरचा शब्द कानी पडूनही तो त्याला कळत नाही ह्यात आहे.

१

ग्रीक आणि एलिझाबेथकालीन शोकात्मिकांच्या वाचकाची एक अपेक्षा असते. दुःखाच्या परमावधीला नायकाची वाणीही उंची गाठते, आणि जे भोगले त्याला तो स्वतःच शब्द देतो. ‘सेल्समन’मध्ये ही अपेक्षा पुरी होत नाही. स्मरणात राहणारी वाक्ये बहुतांशी विलीची नाहीत, विलीविषयीची आहेत. ती लिंडा, चार्ली आणि बिफ ह्यांच्या तोंडी आहेत. विली सतत बोलतो. स्वतःशी बोलतो, वर्षानुवर्षांपूर्वी दुरावलेल्या बेनशी बोलतो, भूतकाळातल्या मुलांशी बोलतो. परंतु त्याच्या बोलण्यात घोषवाक्ये, इतरांकडून उचललेली धोरणे आणि परस्परविरोधी विधाने ह्यांचाच भरणा अधिक आहे. एकाच श्वासात तो आपल्या मुलाला आळशी म्हणतो आणि लगेच तो आळशी नाही असेही म्हणतो.

हा नाटककाराच्या भाषाशक्तीचा उणेपणा आहे असा आक्षेप घेतला गेला आहे. तो संपूर्णतः टाकाऊ नाही. मिलरचे गद्य काही ठिकाणी बोधवाक्यांकडे झुकते हे मान्यच करावे लागेल. तथापि विलीचे शब्द उसने असणे हा नाटकाच्या आशयाचाच भाग आहे. १९५७ साली आपल्या नाट्यसंग्रहाला जोडलेल्या प्रस्तावनेत मिलरने सांगितले आहे की, विलीच्या पेट्यांत कोणता माल होता ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ एकच उत्तर होते : विली स्वतःलाच विकत होता. संपूर्ण नाटकात मालाचे नाव येत नाही. जो स्वतःच माल आहे त्याची भाषा म्हणजे मालाची जाहिरात. जाहिरातीला स्वगत कसे साधावे?

२

विलीच्या भाषेचा मध्यवर्ती शब्द म्हणजे ‘लाइक्ड’, आणि त्याहून वरची पायरी म्हणजे ‘वेल लाइक्ड’. शेजारचा बर्नार्ड हा अभ्यासू मुलगा लोकांना आवडतो, पण पुरेसा आवडत नाही, असा भेद विली आणि त्याची मुले अगदी गंभीरपणे करतात. मराठीत हा भेद उतरविणे कठीण आहे. ‘लोकप्रिय’ हा शब्द फार भारदस्त होतो आणि ‘आवडता’ हा घरगुती होतो. मूळ शब्दप्रयोगात बाजाराचा वास आहे. चांगला खपणारा माल जसा, तसा हा चांगला आवडणारा माणूस.

व्याकरणाच्या दृष्टीने हे रूप कर्मणी आहे हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आवडणारा कर्ता वाक्यात नाही. ज्याला आवडून घ्यावयाचे आहे तो तेवढा आहे. विलीच्या सुखाची सारी क्रियापदे अशीच आहेत. बॉस्टनमधील ती स्त्री जेव्हा त्याला सांगते की तिनेच त्याची निवड केली, तेव्हा तो सुखावतो आणि ते पुन्हा वदवून घेऊ पाहतो. तेथेही निवडणारी दुसरी आहे, निवडला गेलेला विली. ह्या प्रसंगाचे चित्रण केवळ कामुक स्खलन म्हणून केलेले नाही. परक्या शहरात, रिकाम्या खोलीत, आपल्याला कोणीतरी पसंत केले ह्याचा तो हिशेब आहे.

ह्या भाषेचे दैवत म्हणजे डेव्ह सिंगलमन. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा वृद्ध विक्रेता हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून टेलिफोनवरून गिऱ्हाइकांशी बोलतो व खोलीबाहेर न पडता आपली उपजीविका करतो. त्याला पाहून विलीने आपला व्यवसाय निवडला. सिंगलमनला मृत्यू आला तोही बॉस्टनकडे जाणाऱ्या आगगाडीत, आणि त्याच्या अंत्यविधीला शेकडो विक्रेते व खरेदीदार जमले. विली ही हकीगत अभिमानाने सांगतो. परंतु चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला हॉटेलात राहून माल का विकावा लागतो हा प्रश्न त्याला सुचत नाही. त्याला दिसतात त्या मखमली सपाता. शिवाय ही हकीगत तो ज्याला सांगतो तो हॉवर्ड ती ऐकत नाही. विलीच्या जीवनश्रद्धेचे हे एकमेव विस्तृत निवेदन असे वाया जाते.

ह्याच भाषेतील आकडे कसे गळत जातात हे पहिल्या अंकातील एका छोट्या संवादात दिसते. फेरीहून आलेला विली प्रथम प्रॉव्हिडन्समध्ये पाचशे आणि बॉस्टनमध्ये सातशे डॉलर्सची विक्री झाल्याचे सांगतो. लिंडा पेन्सिल घेऊन दोनशे बारा डॉलर्स कमिशनचा हिशेब करते. मग विली मागे सरकत सरकत सबंध फेरीची विक्री दोनशेवर आणतो आणि कमिशन सत्तर डॉलर्सवर येते. लिंडा रागावत नाही. ती देण्यांची यादी वाचते. येथे एकही उद्धृत करण्याजोगे वाक्य नाही, पण पुढच्या सर्व प्रसिद्ध वाक्यांचा पाया येथे घातलेला आहे. ह्या घरात प्रेमाचे बोलणेही बेरीज-वजाबाकीच्या आधाराने चालते.

३

लिंडाची प्रसिद्ध उक्ती ह्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. ती मुलांना सांगते की, त्यांचा बाप थोर पुरुष नाही, त्याने फारसा पैसा मिळविला नाही, त्याचे नाव वर्तमानपत्रात आले नाही आणि त्याचा स्वभावही जगात सर्वोत्तम नाही. पण तो माणूस आहे आणि त्याच्यावर काही भयंकर ओढवत आहे, म्हणून त्याच्याकडे लक्ष दिले गेले पाहिजे. हे बोलणे बहुधा मिलरचा जाहीरनामा म्हणून वाचले जाते. त्याला कारणही आहे. नाटक रंगभूमीवर आल्यानंतर काही दिवसांतच, २७ फेब्रुवारी १९४९ रोजी, मिलरने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये शोकात्मिका आणि सामान्य माणूस ह्या विषयावर निबंध लिहिला. सामान्य माणूसही राजाइतकाच शोकात्म नायक होण्यास पात्र आहे, कारण आत्मप्रतिष्ठेच्या रक्षणासाठी प्राणही पणाला लावण्याची तयारी हीच शोकात्मतेची कसोटी होय, असे त्याचे प्रतिपादन होते. लिंडाचे वाक्य ह्या निबंधाशी सहज जुळते.

परंतु वाक्याची घडण पाहिली म्हणजे काही वेगळे हाती लागते. येथेही प्रयोग कर्मणी आहे आणि कर्ता अध्याहृत आहे. लक्ष कोणी द्यावयाचे? मुलांनी, कंपनीने, समाजाने, की प्रेक्षकांनी? लिंडा एरवी साधी, घरगुती इंग्रजी बोलते. ह्या एका वाक्यात तिची भाषा एकदम औपचारिक, जवळजवळ धर्मग्रंथासारखी होते. जे कर्तव्य कोणा एकाच्या अंगावर टाकता येत नाही ते ती जणू सर्वांच्या अंगावर टाकते. मराठी भाषांतरकाराची येथे कसोटी लागते. ‘तुम्ही लक्ष द्या’ असे केल्यास मुलांना केलेला उपदेश उरतो. ‘लक्ष द्यायला हवे’ ह्यात सवयीची हळहळ येते. कर्ता लपवूनही सक्ती राखणारे रूप हवे, आणि ते मराठीत थोडे अवघडच वाटते. मूळ वाक्यही इंग्रजीत अवघडच आहे हे लक्षात घेतले म्हणजे तो अवघडपणा दोष ठरत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. इंग्रजीत लक्ष ‘दिले’ जात नाही, ते ‘फेडले’ जाते; तेथील क्रियापद ‘पे’ हे आहे. लोमन कुटुंबात हेच क्रियापद दिवसरात्र वावरत असते. शीतपेटीचा हप्ता, विम्याचा हप्ता, पंचवीस वर्षांच्या गहाणाचा अखेरचा हप्ता. लिंडा माणसाच्या प्रतिष्ठेची मागणी करते तीही थकलेल्या देण्याच्या शब्दांत. ती बाजाराविरुद्ध बोलत आहे, परंतु तिच्यापाशी दुसरी भाषा नाही. मराठीतील ‘ऋण फेडणे’, ‘पांग फेडणे’ ह्या प्रयोगांत व्यवहार आणि कृतज्ञता ह्यांची अशीच सरमिसळ आहे, हे येथे आठवावे.

तिसरी गोष्ट कृतीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. ह्याच संभाषणात लिंडा सांगते की, विलीने गॅसच्या साहाय्याने जीव देण्यासाठी तळघरात रबराची नळी लपविलेली आहे. ती नळी ती रोज काढून घेते आणि विली घरी येण्यापूर्वी पुन्हा जागच्या जागी ठेवते. त्याचा अपमान करण्याचे धैर्य तिला होत नाही. लक्ष देण्याची मागणी करणारी स्त्री स्वतः लक्ष न दिल्याचा बहाणा करीत आहे. तिला प्रेमाचा अभाव नाही; त्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण करावयाचे तर त्याच्या प्राणाकडे डोळेझाक करावी लागते, अशा पेचात ती सापडली आहे. सुभाषित म्हणून उचललेल्या वाक्यातून हा पेच गळून पडतो आणि उरते ती केवळ सद्भावना.

४

दुसऱ्या अंकातील हॉवर्डच्या कचेरीतील प्रवेश हा मोल ठरविण्याचा प्रत्यक्ष प्रयोग आहे. त्रेसष्ट वर्षांचा विली फिरतीऐवजी न्यूयॉर्कमध्ये काम मागतो. हॉवर्डचे लक्ष त्याने नुकत्याच विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रण-यंत्रात आहे. त्या यंत्रातून येणारा त्याच्या मुलांचा आवाज विलीला ऐकावाच लागतो, विलीचा आवाज मात्र हॉवर्डला ऐकू जात नाही. विली आठवड्याला पासष्ट डॉलर्स मागतो, मग पन्नासांवर येतो, मग चाळिसांवर. कोणी घासाघीस करीत नसताना तो स्वतःच आपली किंमत उतरवीत जातो.

ह्या उताराच्या शेवटी संत्र्याची उक्ती येते. फळ खाऊन साल फेकून द्यावी तसे माणसाला वागविता येत नाही, माणूस म्हणजे फळ नव्हे, असा तिचा आशय आहे. विलीच्या तोंडी आलेल्या निषेधवाक्यांत हे सर्वांत समर्थ आहे. ह्यातील प्रतिमा त्याची स्वतःची आहे. परंतु त्या वाक्याच्या आधारभूत आकड्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. विली म्हणतो की, ह्या पेढीत त्याची चौतीस वर्षे गेली. पहिल्या अंकात लिंडाने छत्तीस सांगितली आहेत. त्यानंतर तो १९२८ साली आपली सरासरी आठवड्याला एकशे सत्तर डॉलर्स होती असे ओरडून सांगतो, आणि तशी सरासरी कधीच नव्हती असे हॉवर्ड म्हणू लागतो. विलीची तक्रार सर्वस्वी न्याय्य आहे; त्याचा पुरावा मात्र डळमळीत आहे. त्याला कामाच्या बदल्यात मोल मागावयाचे नाही, माणूस म्हणून मागावयाचे आहे. पण तसे मागण्याची रीत ठाऊक नसल्याने तो विक्रीच्या आकड्यांचाच आधार घेतो आणि तो आधार खोटा ठरतो.

ही केवळ पगाराची गोष्ट नाही, हे पुढचाच प्रवेश सिद्ध करतो. चार्ली त्याला आठवड्याला पन्नास डॉलर्सची, फिरती नसलेली नोकरी देऊ करतो. ज्या पन्नास डॉलर्ससाठी विली हॉवर्डपुढे गयावया करीत होता ते येथे तो नाकारतो. नोकरीशिवाय तेवढेच पैसे तो दर आठवड्याला चार्लीकडून उसने घेतो आणि घरी आपला पगार म्हणून दाखवितो. रक्कम तीच आहे. देणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो. एका ठिकाणी ती पसंतीची खूण असते, दुसऱ्या ठिकाणी पराभवाची.

५

चार्लीच्या कचेरीतच नाटकातील सर्वांत गूढ उत्तर-प्रत्युत्तर घडते. इतके रस्ते, इतक्या गाड्या, इतक्या भेटी आणि इतकी वर्षे ह्यांच्या अखेरीस माणूस जिवंतपणी असतो त्याहून मेल्यावर अधिक किमतीचा ठरतो, असे विली म्हणतो. हे त्याचे बोलणे विमापत्रातील वीस हजार डॉलर्सना उद्देशून आहे. ज्याची किंमत पासष्टावरून चाळिसावर आली त्याला आता एकदम वीस हजारांचा भाव दिसला आहे. चार्ली उत्तरतो की, मेलेल्याला काहीच किंमत नसते. परंतु त्याने हे म्हटले आहे ते बोलभाषेतील दुहेरी नकार वापरून. लोकांच्या इंग्रजीत असा दुहेरी नकार केवळ जोर देतो. शिष्ट व्याकरणाच्या नियमाने मात्र दोन नकार एकमेकांना खोडतात आणि मेलेला कोणीही किंमतशून्य नसतो असा उलट अर्थ निघतो. चार्लीला पहिलाच अर्थ अभिप्रेत आहे ह्यात शंका नाही. पण विली त्याकडे कान देत नाही, आणि पुढचे सारे नाटक जणू दुसऱ्या अर्थाच्या आधारे चालते. शब्दांत अडविण्याची ही अखेरची संधी शब्दांच्या ह्या निसरडेपणातून निघून जाते.

त्यानंतर विली रात्रीच्या वेळी विजेरीच्या उजेडात अंगणात बी पेरतो. आपल्या नावे जमिनीत काहीच लावलेले नाही ही बोच त्याला त्यापूर्वी उपाहारगृहात झालेली असते. उंच इमारतींनी ऊन अडविलेल्या त्या जागेत काही उगवणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. परंतु विलीच्या भाषेत येथे प्रथमच कर्तरी प्रयोग बळावतो. तो स्वतः अंतर मोजतो, ओळी आखतो, बी टाकतो. ज्याला अवजारे हाताळता येत नाहीत तो पुरुष नव्हे असे तो पूर्वी चार्लीला म्हणाला होता. हातांची ही भाषा त्याची खरी भाषा आहे आणि तीत त्याला कोणाच्या पसंतीची गरज नाही. पण ह्याच प्रवेशात, वाफ्यांच्या ओळी आखता आखता, तो बेनशी वीस हजारांच्या सौद्याची चर्चा करीत असतो. हाताची भाषा आणि सौद्याची भाषा एकाच वेळी, एकाच तोंडून येतात, व दुसरी पहिलीला गिळते. मरण हेही विकण्याजोगे काहीतरी आहे, ह्या निष्कर्षापर्यंत तो असा पोचतो.

६

पितापुत्रांच्या अखेरच्या संघर्षात बिफ बाजाराचीच भाषा वापरून बाजाराचे मायाजाल फोडू पाहतो. आपण दोघेही पैशाला पासरी आहोत, असे तो बापाला सुनावतो. आपला भाव ताशी एक डॉलर आहे, सात राज्यांत हिंडूनही तो वाढला नाही, असेही तो सांगतो. ह्याला विलीचे उत्तर म्हणजे स्वतःच्या आणि मुलाच्या नावाचा उच्चार : तो विली लोमन आहे आणि हा बिफ लोमन. शोकात्म नायकाने विनाशाच्या क्षणी आपले नाव उच्चारून आपले अस्तित्व ठासून सांगावे ही जुनी परंपरा आहे, आणि मिलरला तिचा आधार घ्यावयाचा आहे हे उघड दिसते. ‘लोमन’ ह्या नावात हलका माणूस असा श्लेष समीक्षकांनी शोधला. मिलरने १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइमबेंड्स’ ह्या आत्मवृत्तात हा श्लेष अभिप्रेत नसल्याचे सांगून ते नाव फ्रिट्स लांगच्या एका चित्रपटातून आल्याचे नमूद केले आहे. श्लेष असो वा नसो, ह्या प्रसंगी विलीपाशी नावाखेरीज काही उरलेले नाही, आणि ते नावही तो मालाच्या छापासारखे उच्चारतो.

बिफचे बोलणे प्रत्यभिज्ञेचे आहे. आपण कोण आहोत हे त्याला त्या दिवशी, चोरलेले फाउंटन पेन हातात घेऊन जिन्यावरून पळत असता, आकाशाकडे पाहून कळले आहे. ॲरिस्टॉटलने नायकाच्या ठिकाणी मानलेली ही अवस्था येथे पुत्राच्या वाट्याला आली आहे. परंतु नाटकाचा खरा उत्कर्षबिंदू ह्या वाक्यांत नाही. तो त्यांच्या नंतर आहे. बोलता बोलता बिफ कोसळतो आणि बापाला धरून रडू लागतो. विली चकित होतो. बिफला आपण ‘आवडतो’ ह्याचे त्याला नवल वाटते. तो शब्द वापरतो तो ‘लाइक’ हाच. लिंडा तत्काळ तो शब्द दुरुस्त करते : बिफचे त्याच्यावर प्रेम आहे, ती सांगते.

समीक्षेत तुलनेने उपेक्षित राहिलेल्या ह्या दोन लहान उद्गारांत नाटकाचे सार आले आहे. जन्मभर गिऱ्हाइकांकडून जे मिळवावयाचे होते ते विलीला अखेर घरी, विनामूल्य मिळाले आहे. पण त्याला मोजमाप ठाऊक आहे ते गिऱ्हाइकाच्या पसंतीचेच. लिंडाची दुरुस्ती त्याच्या कानावर पडते, मनात शिरत नाही. अश्रू पाहताच तो मुलाच्या भव्य भवितव्याचे बोलू लागतो आणि बेनचा आवाज त्यात वीस हजारांची भर घालतो. प्रेम मिळताक्षणीच त्याचे भांडवल होते. ज्या क्षणी मरण्याचे कारण उरलेले नाही त्याच क्षणी विलीला मरण्याचे कारण सापडते. अज्ञानातून आलेले हे मरण नाही. ज्ञान समोर उभे असता ते आपल्या भाषेत भाषांतरित केल्यामुळे आलेले आहे. विलीचा प्रमाद कोणता, ह्या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ह्या भाषांतरात शोधावे.

७

अखेरच्या प्रार्थनाप्रसंगातील उक्तींना नाटकाचा निष्कर्ष मानण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. वस्तुतः तेथे एक वाद चाललेला आहे. विलीने केलेल्या सगळ्या विक्रीपेक्षा घराच्या ओट्याच्या कामात विली अधिक होता, असे बिफ म्हणतो. त्याची स्वप्ने चुकीची होती आणि आपण कोण हे त्याला कधी कळले नाही, असे तो पुढे म्हणतो. हॅपी ह्यावर चवताळतो. चार्लीचे प्रसिद्ध भाषण येते ते ह्या दोघांच्या मध्ये पडून : विलीला कोणी दोष देऊ नये, विक्रेता नट-बोल्ट जोडीत नाही, कायदा सांगत नाही, औषध देत नाही, तो हसऱ्या चेहऱ्यावर आणि चकाकत्या बुटांवर अधांतरी फिरतो, आणि स्वप्न पाहणे हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे.

हा निवाडा उदार आहे. पण तो चार्लीच्याच पूर्वीच्या मताशी विसंगत आहे. सर्वांना आपण आवडलेच पाहिजे असे का, असे ह्याच चार्लीने विलीला विचारले होते. माणसाजवळ विकता येईल तेवढेच त्याचे, असेही बजावले होते. कबरीपाशी तो जे बोलतो ते तत्त्वज्ञान नव्हे, सौजन्य आहे. भांडणाऱ्या दोन मुलांना आवरण्यासाठी आणि विधवेच्या दुःखाला आधार देण्यासाठी एका व्यवहारी माणसाने केलेले हे भाषण आहे, आणि त्यातच त्याचे सौंदर्य आहे. त्याच प्रसंगी लिंडा म्हणते की, विलीला फक्त थोडासा पगार हवा होता. त्यावर, फक्त थोडासा पगार हवा असलेला माणूस जगात नाही, असे चार्ली उत्तरतो. लांब भाषणापेक्षा हे छोटे वाक्य अधिक खोल आहे. विलीचे दुःख पगाराने भागण्याजोगे नव्हते हे नाटकात एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी म्हटलेले नाही, आणि हे म्हणणारा माणूसच त्याला पन्नास डॉलर्स देत आला होता.

शेवटची उक्ती लिंडाची. घराचा अखेरचा हप्ता त्याच दिवशी फिटला. आता घरात कोणी राहणार नाही. ती मोकळे झाल्याचे पुनःपुन्हा म्हणते आणि तेवढ्यात तिला रडू फुटते. मूळ शब्दप्रयोग गहाणखताच्या परिभाषेतील आहे. कर्जाचा बोजा नसलेल्या मालमत्तेला तो लावतात. लिंडा प्रथम त्या हिशेबी अर्थाने तो वापरते, आणि पुनरुक्तीत त्याचा हिशेबी अर्थ झिजत जाऊन ‘फ्री’ हा एकटा शब्द उरतो. मराठीतील ‘ऋणमुक्त’ ह्या शब्दातूनही ‘ऋण’ गळून ‘मुक्त’ एवढेच उरावे, तसे ते होते. पण मुक्त कोण झाले? विली झाला म्हणावे तर तो ह्या जगात नाही. लिंडा झाली म्हणावे तर ती रडत आहे. विम्याचे पैसे मिळाले की नाही ह्याचा ह्या प्रसंगात उल्लेखही नाही. विलीने स्वतःला ज्या किमतीला विकले ती वसूल झाली किंवा नाही हे नाटककाराने सांगितलेले नाही, आणि अंत्यविधीला सिंगलमनसारखी गर्दीही जमलेली नाही.

८

एरिक बेंटली ह्यांनी ह्या नाटकावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. ह्यात सामाजिक नाटक आणि शोकात्मिका एकमेकींच्या आड येतात, असे त्यांचे म्हणणे. समाज दोषी ठरविला तर विली केवळ बळी ठरतो व शोकात्म उंची गाठत नाही. विलीचा प्रमाद मानला तर समाजावरील टीका बोथट होते. वाक्ये सुटी काढून वाचली तर हा आक्षेप अनुत्तरित राहतो, कारण संत्र्याची उक्ती एका पक्षाची साक्ष देते आणि स्वप्नांविषयीची दुसऱ्या पक्षाची. संभाषण म्हणून वाचल्यास मात्र ह्या दोन पक्षांतील अंतर बरेच कमी होते. समाजाने विलीला जे दिले ती एक भाषा होती. विलीने त्या भाषेत आपले वात्सल्य, आपला अभिमान आणि शेवटी आपले मरण ह्यांचा उच्चार केला. भाषा एकट्याची नसते, परंतु बोलतो तो एकटाच. दोष आणि प्रमाद ह्यांची सीमारेषा त्यामुळे ह्या नाटकात पुसट झाली आहे. ती स्पष्ट करून दाखविणारे कोणतेही एक वाक्य उद्धृत करता येणार नाही.

१९८३ साली मिलरने हे नाटक बीजिंग येथे चिनी भाषेत बसविले. भाषांतर यिंग रुओचंग ह्यांचे होते आणि विलीची भूमिकाही त्यांनीच केली. जेथे फिरता विक्रेता व त्याचा विमा ह्या गोष्टी प्रेक्षकांच्या परिचयाच्या नव्हत्या, तेथेही नाटक पोचले. पित्याची पुत्राकडून असलेली अपेक्षा सर्वत्र ओळखीची असते, हे त्याचे एक कारण होय. आवडणे आणि प्रेम ह्यांतील जे अंतर विलीला ओलांडता आले नाही, त्यासाठी अनेक भाषांत दोन वेगळे शब्द आहेत, हेही कारण म्हणता येईल. ह्या नाटकाच्या अभ्यासकाने प्रसिद्ध उक्ती पाठ करण्यापूर्वी लिंडाने केलेली ती एका शब्दाची दुरुस्ती प्रथम वाचावी. बाकीच्या सर्व वाक्यांचे मोल तिच्यावरून ठरते.